काच येतेय, येऊ का?

वडिलांनी आम्हा दोघी बहिणींची वाटणी केली ती अशी: जीभ सगळी मला दिली आणि हात सगळे ताईला. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत लोकांना 'लाइन व्यस्त आहे' असं सांगत राहिले. ताई मागच्या शेडमध्ये वडिलांच्या शेजारी उभी राहिली, काच कापायला शिकली आणि वडील गेल्यावर तिथेच राहिली. तिला सगळे काचवाली ताई म्हणतात. तिचं खरं नाव पोस्टमनलासुद्धा आठवत नाही.

ती बोलायची ते कामापुरतं. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं की म्हणायची, "नवऱ्याशी रोज उठून काय बोलायचं?" गिऱ्हाईक आलं की 'किती बाय किती' एवढंच विचारायची. घरातलं कुणी वारलं की लोक फोटो चौकटीत बसवून घ्यायला तिच्याकडे येत आणि येताना जुन्या भांडणांसकट सगळी कहाणी घेऊन येत. ती ऐकून घ्यायची, फोटोच्या कडा पुसायची आणि "मंगळवारी न्या" म्हणायची. गावातली निम्मी मेलेली माणसं तिच्या हातून भिंतीवर गेली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांची गुपितं तिला ठाऊक आहेत. बाहेर एक शब्द गेला नाही. माझ्याजवळ असती तर मी दुपारपर्यंत वाटून मोकळी झाले असते.

माझी पाळी कधी पहाटेची, कधी संध्याकाळची, आणि नवरा फिरतीच्या नोकरीत. त्यामुळे माझा मुलगा वाढला तो मावशीच्या शेडमध्ये. बोलायला लागल्यापासून तो प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, म्हणून आम्ही त्याला 'वकील' म्हणायला लागलो, आणि पुढे तो खरंच वकील झाला. अभ्याससुद्धा त्यानं शेडच्या माळ्यावर बसून केला. "माय मरो पण मावशी जगो," असं तो मला चिडवायला मोठ्यानं म्हणायचा. मी लाटणं उगारायचे आणि ताई गालातल्या गालात हसायची. तळहातावरच्या फोडासारखं जपलं तिनं त्याला.

आता त्या बोळाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं महाभारत तिथंच झालं. आमच्या घराचा पुढचा दरवाजा अरुंद, त्यात लगेच जिना. माणूस अंग चोरून वळतो, पण पुरुषभर उंचीची काच अंग चोरत नाही. म्हणून वडिलांच्या काळापासून मोठ्या काचा शेजारच्या बोळातून शेडमध्ये यायच्या. बोळ शेजारणीच्या मालकीचा, वहिवाट आमची. त्या बोळात शेजारणीच्या स्वयंपाकघराचं दार उघडायचं. काच उभी धरून आणतात. समोरून बघाल तर दिसते ती फक्त कड, एखाद्या दोरीएवढी. अशा वेळी कुणी भांडं घेऊन दारातून बाहेर आलं की संपलंच. त्यामुळे काचवाले बोळात शिरण्याआधी हाळी देतात. आमच्या घराची हाळी ठरलेली होती: "काच येतेय, येऊ का?" आतून शेजारीणमावशी ओरडायच्या, "ये गं, ये!" म्हणजे ऐकलं, आता मी दार उघडत नाही. ही हाळी द्यायचं काम पुढे माझ्या वकिलाकडे आलं. पोरगा पुढे धावत जाऊन इतक्या जोरात ओरडायचा की अख्ख्या आळीतली दारं बंद व्हायची.

शेजारीणमावशी गेल्या, मुलांनी घर विकलं आणि औषधांचा एक ठोक व्यापारी तिथं गोदाम घेऊन आला. महिनाभर गोड बोलला. मग एका सकाळी बोळाच्या तोंडाशी लोखंडी फाटक आणि फाटकाला कुलूप. ताई कुलपाकडे बघत उभी राहिली. मी मात्र त्याच्या गोदामात जाऊन असा आवाज काढला की त्याची माणसं खोकी टाकून बघायला आली. तो शांतपणे म्हणाला, "बाई, जागा माझी आहे. तुमचा हक्क असेल तर कोर्टात दाखवा."

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण बोळ गेला तर ताईचं मोठं काम गेलं. दुकानांच्या दर्शनी काचा, आरसे, टेबलांवरच्या काचा, सगळं बंद. उरणार त्या मेलेल्यांच्या चौकटी. तिला येणारी एकच गोष्ट अर्धी कापली जाणार होती, म्हणून ती पायरी चढली.

तेव्हा आमचे वकील वेगळे होते. जुने, सज्जन, आणि जेवणानंतर डुलक्या घेणारे. ताई पिंजऱ्यात उभी राहिली. औषधवाल्याचे वकील म्हणजे त्या कोर्टातलं बडं प्रस्थ. सगळे त्यांना नुसतं 'मोठे वकील' म्हणतात. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "बोळातून जाताना तुम्ही शेजारच्या बाईंना विचारत होता?"

"हो," ताई म्हणाली.

"काय विचारत होता?"

"येऊ का, म्हणून."

"आणि त्या 'ये' म्हणाल्या की मगच जात होता?"

"हो तर. नाहीतर कशी जाणार?"

मोठे वकील 'आणखी प्रश्न नाहीत' म्हणाले आणि बसले. आमचे वकीलही बसलेलेच होते. ताई खाली उतरली तेव्हा तिला वाटत होतं, आपण सगळं खरं सांगितलं, आता काय काळजी? मलाही तेच वाटलं होतं. निकाल लागला तेव्हा कळलं. वर्षानुवर्षं हक्कानं वापरलेली वाट आपली होते, पण परवानगी मागून वापरलेली वाट कधीच आपली होत नाही, असा कायदा आहे. आणि 'वादी स्वतःच कबूल करते की ती विचारून जात असे.'

मी घरभर थयथयाट केला. अहो, आपण कुणाच्या घरून निघताना उंबऱ्याशी उभं राहून 'येऊ का?' म्हणतो. ती काय परवानगी असते? समोरचा 'नको' म्हणाला तर आपण काय तिथेच बिछाना घालतो? आपल्या भाषेत निम्मे प्रश्न प्रश्न नसतातच. हे कोर्टात बसलेल्या प्रत्येकाला कळतं. तेही सकाळी घरून 'येतो' म्हणूनच निघालेले असतात. पण ते तिथं कुणीतरी बोलावं लागतं, आणि ताईला तेवढं बोलणं सुचलं नव्हतं.

"मावशी, घाबरू नकोस," माझा मुलगा म्हणाला. "अपील करू. अपिलात पुरावा पुन्हा तपासतात. हाच मुद्दा धरून मी उभा राहतो. ती हाळी काय होती हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत आहे?"

जुन्या वकिलांनी आनंदानं कागद त्याच्या हवाली केले. लग्न झाल्यावर त्यानं वेगळं बिऱ्हाड केलं होतं, आणि बरीच वर्षं तो कोर्टाच्या व्हरांड्यात पक्षकार शोधत हिंडत होता. हे त्याचं पहिलं मोठं अपील. ताई एकदम वेगळीच दिसायला लागली. तिनं त्याला विचारलं, "मला बोलू देतील का रे?"

"तसं बोलायचं काम वकिलाचं असतं," तो म्हणाला. "पण साहेबांनी काही विचारलं तर मी तुला उभी करीन. शब्द देतो."

मग आमच्या घरी एक नवल घडलं. जन्मभर न बोललेली बाई बोलायचा सराव करायला लागली. बोळ बंद होण्याआधी एका हॉटेलासाठी केलेला भला मोठा आरसा शेडमध्येच अडकून पडला होता. ताई त्याच्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "साहेब, काच आणताना आम्ही ओरडतो. ते विचारणं नसतं. ते सावध करणं असतं. कुणाला लागू नये म्हणून." मग थांबून म्हणायची, "एवढंच, साहेब." मी माळ्याच्या शिडीवर बसून साहेब व्हायचे आणि तिला आडवेतिडवे प्रश्न विचारायचे. "बाई, मोठ्यानं बोला!" असं दरडावलं की ती खरंच दचकायची. आम्ही दोघी म्हाताऱ्या पोट धरून हसायचो. 'सुनावणी' हा शब्दही तिला आवडायला लागला होता. मी म्हटलं, "अगं, सुनावणी म्हणजे ते आपल्याला सुनावतात." ती म्हणाली, "नाही. वकिलाला विचारलंय मी. आपलं ऐकून घेतात."

त्या दिवशी आम्ही लवकर जाऊन मागच्या बाकावर बसलो. ताईनं इस्त्रीचे कपडे घातले होते आणि बोटांवरच्या चिरा दिसू नयेत म्हणून हात मांडीखाली दाबले होते. माझा मुलगा आत आला. त्यानं मागे पाहिलं की नाही हे मला तेव्हा नीट कळलं नाही. डोक्यावर पंखा घरघरत होता. ताईचे कान आधीच अधू, तिला पुढचं काही ऐकू येत नव्हतं. मला येत होतं. तारेच्या दुसऱ्या टोकाला कुजबुजणारी माणसं मी जन्मभर ऐकलीत.

मोठे वकील थोडंच बोलले. मग न्यायाधीश माझ्या मुलाकडे वळले. चांगला माणूस वाटला. कागद वाचून आला होता. म्हणाला, "वकीलसाहेब, मला एक गोष्ट समजून घ्यायची आहे. बाईंनी 'येऊ का' असे शब्द वापरलेत. हे विचारणं होतं की हाळी होती? काच नेणारी माणसं ओरडतातच. खालच्या कोर्टानं याचा विचार केलेला दिसत नाही."

साहेबांनी दार स्वतःच उघडून धरलं होतं. आता फक्त आत जायचं होतं.

"बाई आज आल्या आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब," माझा मुलगा म्हणाला. "पक्षकार हजर नाहीत."

"बरं. मग तुमचं म्हणणं काय या मुद्द्यावर?"

"या मुद्द्यावर मी आग्रह धरत नाही, साहेब. कोर्टाला योग्य वाटेल ते."

न्यायाधीशांनी मान वर केली. "नक्की?"

"नक्की, साहेब."

मला वाटलं, ही काही वकिली खेळी असेल. पुढे काहीतरी येईल. पुढे काही आलं नाही. न्यायाधीश खाली बघून लिहायला लागले, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला तशी मी उठले. पण ताईनं माझं मनगट पकडलं. काचेची तावदानं पेलणारा हात तो, त्यातून सुटणं माझ्या बापाला जमलं नसतं. "बस गं," ती पुटपुटली. "मध्ये बोलू नकोस. तो बोलतोय ना आपल्यासाठी."

मी तोंड उघडलं तर पट्टेवाल्यानं ओठांवर बोट ठेवून डोळे वटारले. तेवढ्यात पुढचं प्रकरण पुकारलं गेलं आणि दुसरीच माणसं पुढे सरकली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो, हे मला त्या बाकावर कळलं.

बाहेर व्हरांड्यात मोठ्या वकिलांनी माझ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला होता. आवाज तोच, मऊ. "सोमवारपासून आमच्या ऑफिसात येऊन बसा. खिडकीजवळची खुर्ची तुमचीच." माझा मुलगा "हो सर" म्हणाला. इतक्या नम्रपणे तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

ताई माझ्यामागे उभी होती. तिचा चेहरा उजळला होता. "चांगला बोलला का गं? साहेबांनी काय विचारलं त्याला?"

मी तिला घरी आल्यावर सांगितलं. सांगताना जीभ जड झाली, ही गोष्ट माझ्या बाबतीत नवीनच. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली." मी शपथा घेतल्या. "पंखा होता वर," ती म्हणाली.

निकाल आला तेव्हा मात्र पंखा नव्हता. मी वाचला, ती ऐकत होती. अपील फेटाळलं होतं. अपीलदारातर्फे परवानगीच्या मुद्द्यावर आग्रह धरण्यात आला नाही. आणि शेवटी: दोन्ही पक्षांना आपले म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी देण्यात आली. ताईनं ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग ती उठली आणि हॉटेलाच्या आरशावर गोणपाट टाकून आली.

दुसऱ्या दिवशी तिनं सुतार बोलावला. वडिलांचं काच कापायचं टेबल बोळातून आत आलेलं, घरातून बाहेर निघणं शक्य नव्हतं. ते मधोमध करवतीनं कापलं. चौकटींना अर्धं टेबल पुरतं. सुतार करवत चालवत होता आणि ताई त्याला दुसरं टोक धरून मदत करत होती. मला ते बघवेना. मी आत जाऊन रडले. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण माझ्या पोटचं होतं.

मुलगा आला तो निकालानंतरच्या रविवारी, भर दुपारी. शेडच्या दारात उभा राहिला. नवीन बूट होते पायात. मला नेमकं तेवढंच कसं दिसलं कोण जाणे.

"मावशी, आधी माझं ऐकून घे."

"चालता हो!" मी ओरडले. "केसानं गळा कापलास तू तिचा! वर ऐकून घे म्हणतोस? कुणी ऐकलं रे तिचं?"

"थांब," ताई मला म्हणाली. "बोलू दे त्याला." तिनं हातातली चौकट बाजूला ठेवली, त्याच्यासाठी स्टूल पुढे ओढलं आणि आपण समोर बसली, बरा कान त्याच्याकडे करून.

तो बोलला. आधी कायद्याचं बोलला. अपिलं क्वचितच लागतात, न्यायाधीश विचारतात म्हणजे मान्य करतात असं नाही, पुढे आणखी दहा वर्षं गेली असती. मग तिच्याबद्दल बोलला. या वयात ही तावदानं पेलायची का, हात बघ तुझे, मी तुला आमच्याकडेच नेणार होतो. मग हळूहळू खरं बाहेर आलं. व्हरांड्यात उभं राहून पाय मोडले होते. लग्नाची बायको विचारत होती, तुम्ही रोज जाता कुठे? मोठ्या वकिलांनी काही मागितलं नव्हतं. ते फक्त म्हणाले होते की त्या मुद्द्यावर फार ताणू नका, आणि आमच्याकडे एक जागा आहे. अशी जागा आयुष्यात एकदाच मिळते.

ताईनं एकदाही अडवलं नाही. तो अडखळला की ती म्हणायची, "अजून?" तो पुन्हा सुरू व्हायचा. मध्ये त्याचे डोळे भरून आले तर तिनं थांबून त्याला पाणी दिलं. मी दाराला टेकून बघत होते आणि माझं डोकं फिरत होतं. अशी सुनावणी तिच्या वाट्याला एकदा, फक्त एकदा आली असती तर?

"अजून काही राहिलंय?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही. एवढंच."

"मग एक विचारते. मी मागच्या बाकावर बसले होते. दाराजवळ. साहेबांनी विचारलं तेव्हा मी आलेय हे तुला माहीत होतं?"

त्यानं आपल्या नव्या बुटांकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, नाही म्हण. गर्दी होती म्हण, बघितलं नाही म्हण, काहीही म्हण. भर कोर्टात न्यायाधीशांच्या तोंडावर खोटं बोललास, आता तिच्यासाठी एवढं एक खोटं बोल. माझी सगळी जन्माची बडबड घे, पण हे एक खोटं बोल.

"दिसली होतीस," तो म्हणाला.

ताईनं मान हलवली. "बरं," ती म्हणाली. "ऐकलं मी."